इन्सुलिनचा डोस कमीजास्त कसा करायचा आणि शुगर लो होऊ नये म्हणून काय सांभाळायचं

शुगर बघितली, २१० आली, म्हणून आज दोन युनिट जास्त टोचलं, उद्या ९५ आली म्हणून इंजेक्शनच घेतलं नाही, परवा परत २६० आली म्हणून चार युनिट जास्त. बऱ्याच घरांत इन्सुलिनचा हिशोब असाच चालतो, आणि मग डॉक्टरांकडे गेल्यावर "शुगर कंट्रोलमध्येच येत नाही हो" म्हणून तक्रार. आमच्या घरी आईचं इन्सुलिन मी सांभाळतो त्यामुळे ह्या गोंधळाशी रोजचीच ओळख आहे. मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगतो. मशीनवर आत्ता दिसणारा आकडा हा आधी घेतलेल्या इंजेक्शनचा निकाल असतो, पुढच्या इंजेक्शनचा डोस फक्त त्याच्यावरून ठरवायचा नसतो. आणि दुसरं, शुगर लो (७० च्या खाली) कधी होतेय ते आधी निस्तरायचं, जास्त कधी होतेय ते नंतर.

डोसला हात लावायच्या आधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. मी माझ्या मनाने किती युनिटपर्यंत कमीजास्त करू शकतो, माझं टार्गेट काय, आणि शुगर किती खाली किंवा वर गेली की तुम्हाला लगेच फोन करायचा. बहुतेक डॉक्टर आनंदाने सांगतात, आपणच विचारत नाही. साधारण मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असं टार्गेट धरतात, पण सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, हार्टचा त्रास असलेल्या माणसाला डॉक्टर मुद्दाम सैल टार्गेट देतात, तिथे शेजारच्या काकांची फास्टिंग ९० येते म्हणून आपल्या आजीचीही आणायला जाऊ नका. गरोदर बाई, लहान मूल, किडनीचा पेशंट, ह्यांच्या बाबतीत घरच्या घरी डोस बदलायचा नाही, फोन करायचा.

आधी हे तपासा, डोस नंतर

शुगर वेडीवाकडी येतेय म्हणजे डोस चुकलाय असंच नसतं. पुष्कळदा इन्सुलिन अंगात नीट जातच नसतं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटवालं असतं, म्हणजे एका मिलीमध्ये ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १०० युनिटवालं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. आता पेन बिघडला, घरात लाल टोपणाची सिरिंज पडलेली आहे, म्हणून कुणी कार्ट्रिजमधून तिच्यात २० पर्यंत ओढलं तर अंगात जाणार ५० युनिट, म्हणजे अडीचपट! उलटं झालं, ४० वालं इन्सुलिन केशरी सिरिंजने घेतलं, तर २० च्या जागी ८ च जाणार आणि शुगर चढत राहणार. मेडिकलवाला कधीकधी ४० ची बाटली नाही म्हणून १०० ची देतो, तेव्हा सिरिंज पण बदलून घ्या आणि बाटलीवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, "तेच आहे हो" वर विश्वास ठेवू नका.

मग जागा. पोटावर, मांडीवर रोज एकाच ठिकाणी टोचून तिथे मऊ किंवा रबरासारखी गाठ तयार होते, आणि तिथे दुखत नाही म्हणून माणूस मुद्दाम तिथेच टोचतो. त्या गाठीतून इन्सुलिन कधी अर्धवट शोषलं जातं तर कधी उशिरा. हाताने चाचपून बघा, गाठ लागली तर ती जागा काही महिने सोडा. पण हे ध्यानात ठेवा की चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर लो होऊ शकते, म्हणून जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा डोस थोडा कमी करायला सांगतात, आणि ते दिवस जास्त वेळा तपासा.

इन्सुलिन खराब होणं हा उन्हाळ्यातला प्रकार. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला चिकटून अजिबात नाही, एकदा गोठलं की ते फेकायचं. वापरात असलेलं बाहेर ठेवलं तर चालतं, पण ३० डिग्रीच्या आत, आणि बहुतेक इन्सुलिनं उघडल्यापासून चार आठवडे (पाकिटावर मुदत बघा). चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात घरातलं टेम्परेचर काय असतं ते सांगायला नको, तिथे फ्रिज नसेल तर प्लास्टिकच्या डबीत बंद करून मातीच्या ओल्या भांड्यात ठेवा. खरी फसगत पुढे आहे, उन्हात मेलेल्या इन्सुलिनवर शुगर चढते म्हणून घरचे डोस वाढवत नेतात, १६ चे २४ होतात, आणि मग नवीन बाटली आणली की त्या ताज्या २४ युनिटने माणूस लो होऊन पडतो. त्यामुळे शुगर अचानक चढायला लागली तर डोस वाढवायच्या आधी बाटली बदलून बघा.

दुधाळ दिसणारं इन्सुलिन, म्हणजे ३०/७० वगैरे, वापरायच्या आधी तळहातांत घोळवायचं, १० ते २० वेळा, जोरात हलवायचं नाही. पेन असेल तर आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतोय का बघा, आणि टोचल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढा. आणि तपासायच्या आधी हात धुवा. आंबा कापलेल्या हाताने बोट टोचलं तर मशीन आंब्याचीच साखर मोजतं, आणि त्या खोट्या २८० वर जास्तीचं इन्सुलिन घेतलं की झालंच.

कुठलं इन्सुलिन कुठल्या आकड्यात दिसतं

हे एकदा समजलं की अर्धं काम झालं. पाण्यासारखं साधं रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासाने सुरू होतं, दोन ते चार तासांत सगळ्यात जोरात असतं आणि सहा-आठ तास राहतं, म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. एनपीएच, जे दुधाळ असतं, ते साधारण चार ते दहा तासांच्या मध्ये जोर धरतं. ३०/७० म्हणजे ह्या दोघांचं मिश्रण, ३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के एनपीएच. अॅस्पार्ट, लिस्प्रो ही झटपटवाली १०-१५ मिनिटांत सुरू होऊन तीन ते पाच तासांत संपतात. ग्लार्जिन, डेग्लुडेक ही संथपणे दिवसभर चालणारी.

ह्यावरून असं धरा. दिवसातून दोनदा ३०/७० घेणाऱ्याचा सकाळचा डोस दुपारच्या जेवणाआधीच्या आणि मुख्यतः संध्याकाळच्या आकड्यात दिसतो. रात्रीचा डोस झोपतानाच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यात दिसतो. ग्लार्जिन घेणाऱ्याची फास्टिंग ही ग्लार्जिनचा निकाल, आणि प्रत्येक जेवणाच्या इंजेक्शनचा निकाल त्याच्या पुढच्या जेवणाआधी. म्हणजे सकाळी फास्टिंग १७० आली म्हणून त्याच सकाळचा डोस कायमचा वाढवला तर तुम्ही भलत्याच इंजेक्शनला शिक्षा केलीत.

वही

ॲप नको असेल तर साधी वही चालते. तीन दिवस सलग, चार वेळा. उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. स्ट्रिप महाग पडतात मान्य आहे, मग महिनाभर रोज एकदा कधीतरी तपासण्यापेक्षा डॉक्टरांकडे जायच्या आधीचे तीन दिवस चारचार वेळा तपासा, ते जास्त उपयोगी पडतं. आकड्यासोबत डोस, जेवणाची वेळ, आणि काही वेगळं घडलं असेल तर तेवढं लिहा, "लग्न", "चाललो नाही", "ताप". नुसते आकडे लिहिलेली वही डॉक्टरांच्या फारशी कामाची नसते.

आता एक उदाहरण घेऊ, मी मनाने तयार केलेलं आहे पण असं पान फार घरांत सापडेल. साठीतले काका, ३०/७०, सकाळी २० युनिट, रात्री १४. दुपारी जेवायला दीड वाजतो.

सोमवार: उठल्यावर १७२, संध्याकाळी सहाला ६४, झोपताना २२०.
मंगळवार: १६८, ७१, २०५.
बुधवार: १८१, ६६, २३८.

पहिली नजर कुठे जाते? १८१ आणि २३८ वर. घरातले म्हणणार डोस कमी पडतोय, सकाळी २२ करा. आणि नेमकं तेच करायचं नाही. संध्याकाळचे आकडे बघा, ६४, ७१, ६६, रोज काका सहा वाजता लो नाहीतर लोच्या काठावर असतायत. लो झाले की हात थरथरतात, मग बिस्किटाचा अर्धा पुडा, वर चिवडा, वर गोड चहा, आणि लगेच दोन तासांत जेवण. झोपतानाची २३८ तिथून आली आणि ती रात्रभर पुरती उतरली नाही म्हणून सकाळी १८१. म्हणजे मूळ दुखणं सकाळच्या जास्त डोसचं आहे.

तर पहिली पायरी, सकाळचा डोस १० टक्क्यांनी कमी, २० चा १८. शुगर ५४ च्या खाली गेली असेल किंवा दुसऱ्या कुणाला सांभाळावं लागलं असेल तर २० टक्के, म्हणजे १६, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्रीच्या १४ ला हात लावायचा नाही. एका वेळी एकच डोस बदलायचा, नाहीतर कशाने काय झालं तेच कळत नाही. पुढचे तीन दिवस परत वही. समजा आता संध्याकाळी १०५, ११८, ९८ यायला लागली, काकांचं अधलंमधलं खाणं थांबलं, झोपताना १७५ च्या आसपास आणि सकाळी १५०. डोस कमी केला आणि शुगर सुधारली, लोकांना हे पटतच नाही पण असं होतं.

उरलेल्या १५० साठी रात्रीचा डोस वाढवायचा का? एक काम आधी करायचं, दोन रात्री पहाटे तीनला उठून तपासायचं. तीनला शुगर ७० च्या खाली किंवा जवळपास असेल तर रात्रीचा डोस वाढवणं म्हणजे झोपेत लो होण्याला आमंत्रण, तिथे उलट कमी करावा लागतो. तीनला १३०-१४० असेल आणि सहाला १५०, तर पहाटे शरीरातली हॉर्मोन्स शुगर चढवतायत एवढंच, मग रात्रीचे १४ चे १५ किंवा १६ करून परत तीन दिवस थांबा. वाढवताना नेहमी असंच, एक-दोन युनिट आणि तीन दिवस. डेग्लुडेक असेल तर तीनचार दिवस थांबाच, ते अंगात हळूहळू साठतं.

कमी करताना मात्र तीन दिवस वाट बघायची नाही. विनाकारण एकदा लो झाली, म्हणजे जेवण चुकलं नव्हतं, जास्त काम नव्हतं, तरी झाली, तर त्याला जबाबदार असलेला डोस दुसऱ्याच दिवशी कमी करा.

प्रत्येक जेवणाला इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. एक युनिट तुमची शुगर किती उतरवतं ह्याचा ढोबळ अंदाज असा काढतात, झटपट इन्सुलिनसाठी १८०० भागिले दिवसभराची एकूण युनिटं. दिवसाला ४५ लागत असतील तर १८०० भागिले ४५ म्हणजे ४०, एक युनिट साधारण ४० ने उतरवणार. जेवणाआधी २२० आहे, १४० वर आणायचीय, तर २ युनिट जास्त. हा फक्त सुरुवातीचा आकडा, डॉक्टर तो तुमच्यापुरता घट्ट किंवा सैल करून देतील. जेवल्यावर दोन तासांनी २५० दिसली म्हणून परत टोचायचं नाही, पहिलं इन्सुलिन अजून अंगात चालू असतं, त्यावर दुसरं चढलं की तीन तासांनी धाडकन खाली. दोन जास्तीच्या डोसांत निदान चार तास जाऊ द्या.

नेहमीपेक्षा वेगळे दिवस

उपासाचं आधी, कारण आपल्याकडे तोच मोठा घोळ. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते शुगरच्या बाबतीत शब्दशः खरं आहे, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, सकाळी खिचडी-बटाट्याने शुगर आकाशात जाते आणि रात्री मात्र एक केळं आणि कपभर दूध. रात्रीचा डोस नेहमीचाच घेतला तर पहाटे लो होणार हे ठरलेलं. उपास करायचाच असेल तर आधीच डॉक्टरांकडून त्या दिवसाचे वेगळे डोस लिहून आणा, भगर-दाणे-ताक-राजगिरा असं थोडंथोडं विभागून खा, आणि शुगर ७० च्या खाली गेली की उपास तिथेच सोडायचा, देवाची काही हरकत नसते. टाईप वनवाल्यांनी (ज्यांच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) निर्जळीच्या वाटेला जाऊ नये.

लग्नाच्या पंगतीत घरून इंजेक्शन घेऊन निघायचं नाही. मुहूर्त साडेबाराचा, जेवण तीनला. पेन सोबत ठेवा आणि पान वाढलेलं डोळ्यांनी दिसल्यावर घ्या. रेग्युलरला अर्धा तास मिळाला नाही तर जेवणानंतर शुगर थोडी वर जाईल, जाऊ दे, मांडवात चक्कर येऊन पडण्यापेक्षा बरं. ज्या आजीआजोबांचं जेवण किती जाईल ह्याचा भरवसा नाही त्यांना डॉक्टर झटपटवालं इन्सुलिन जेवण झाल्याझाल्या, खाल्लं तेवढ्या हिशोबाने द्यायला सांगू शकतात, विचारून बघा.

चालणं, शेतातलं काम, गणपतीतली मिरवणूक, ह्या सगळ्याने शुगर उतरते आणि नुसती तेव्हाच नाही, पुढचे २४ तास सुद्धा, कारण स्नायू आपला साठा परत भरत असतात. संध्याकाळी भरपूर चाललात तर रात्री झोपताना तपासा, १०० च्या खाली असेल तर थोडं खाऊनच झोपा. चालायच्या आधी मांडीत इंजेक्शन घेऊ नका, पाय हलला की इन्सुलिन भराभर शोषलं जातं. वारीला निघणाऱ्यांनी तर आठवडाभर आधीच डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून घ्यावा.

दारू रिकाम्या पोटी नको, लिव्हर दारूच्या मागे लागलं की शुगर बनवणं बाजूला ठेवतं, आणि लो व्हायचं ते मध्यरात्री-पहाटे होतं, तेव्हा घरच्यांना वाटतं चढलीय म्हणून झोपलाय. गाडी चालवायच्या आधी तपासा, ९० च्या वर असेल तरच किल्ली.

आजारपणात, उलट्या होतायत म्हणून टाईप वनवाल्याने लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, कधीच नाही, शुगर २५० च्या वर आणि लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होणारे पदार्थ) असतील तर सरळ हॉस्पिटल. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी शुगर खासकरून दुपारनंतर चढते म्हणून डोस वाढवतात, पण गोळ्या कमी करत आणल्या की इन्सुलिनही कमी करत आणायचं हे कुणी सांगत नाही, तेवढं विचारून घ्या.

शुगर लो झालीच तर

७० च्या खाली म्हणजे लो. घाम, थरथर, छातीत धडधड, खा-खा सुटणं ही पहिली लक्षणं. त्याच्या पुढे चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बोबडी वळणं, असंबद्ध बोलणं. शांत माणूस अचानक "मला काही झालेलं नाही" म्हणून अंगावर ओरडायला लागला तर वाद घालत बसू नका, साखर द्या. झोपेत झालं तर उशी घामाने ओली, वाईट स्वप्नं, सकाळी डोकं जड.

मशीन हाताशी असेल तर तपासा, नसेल तर लो आहे असंच धरा. १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात, किंवा दीडशे मिली गोड कोल्ड्रिंक (डाएटवालं नव्हे). १५ मिनिटांनी परत तपासा, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच. चॉकलेट, पेढा, लाडू ह्यांत तूप-फॅट असल्याने साखर उशिरा पोचते, ते नंतर खा. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, पेशंट व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळी घेत असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, ती गोळी साखर फोडूनच देत नाही. अशांच्या खिशात ग्लुकोज पावडरच हवी.

त्या १५ मिनिटांत हात आवरणं सगळ्यात अवघड जातं, अख्खा फ्रिज खावासा वाटतो. पण तसं खाल्लं की दोन तासांनी २८०, मग त्यावर जास्तीचं इन्सुलिन, मग परत लो. शुगर वर आली आणि जेवायला तासाभराहून जास्त वेळ असेल तर एक पोळी किंवा दूध-बिस्किट एवढं पुरे. जेवणाच्या वेळीच ६५ निघाली तर आधी साखर, ७० च्या वर आली की मग जेवण आणि इंजेक्शन, त्या वेळी डोस किती कमी घ्यायचा ते आधीच डॉक्टरांकडून ठरवून ठेवा.

बेशुद्ध किंवा गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, साखर नाही, मध नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, ग्लुकागॉनचं (शुगर वर आणणारं) इंजेक्शन घरात असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या, १०८ ला फोन करा. इन्सुलिनबरोबर ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशी गोळी चालू असेल तर शुद्धीवर आल्यावरही पेशंटला घरी न्यायची घाई करू नका, ती गोळी तासन् तास शुगर परत परत खाली ओढते.

काही जणांना वर्षानुवर्षांनी लो झाल्याचं कळतच नाही, घाम नाही, थरथर नाही, सरळ बडबड किंवा बेशुद्ध. बीपी-हार्टच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनीही धडधड आणि थरथर झाकली जाते. अशांचं टार्गेट डॉक्टरांशी बोलून दोनतीन आठवडे मुद्दाम वर ठेवतात, त्या काळात एकदाही लो होऊ दिली नाही तर लक्षणं बऱ्याचदा थोडीफार परत येतात. सेन्सर (दंडावर चिकटवून सतत शुगर दाखवणारं यंत्र) परवडत असेल तर ह्या लोकांनी लावावाच, फक्त शुगर भराभर बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो आणि त्या दंडावर झोपलात तर खोटी लो दाखवतो, शंका आली की बोट टोचून बघा.

आणि खाणंपिणं तेच, चालणं तेच, तरी इन्सुलिन आपोआप कमी लागायला लागलंय, १८ चं १४, १४ चं १० वर आलंय, तर डायबेटीस बरा होतोय म्हणून पेढे वाटू नका. किडनी मंदावली की इन्सुलिन अंगातून लवकर बाहेर जात नाही आणि तोच डोस जास्त वेळ काम करतो. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत झोपतानाचा आकडा एकही दिवस चुकवू नका.